मुके चेंडू

१

चेंडू वाजत नाही, हे सर्वांत आधी कळलं ते केरळच्या मुलींना.

फायनलआधीचा सराव नुकता सुरू झाला होता. केरळच्या अश्वतीनं पिशवीतून चेंडू काढला, सवयीनं कानाशी नेऊन हलवला आणि ती तशीच उभी राहिली. पुन्हा हलवला. मग तो शेजारणीच्या हातात दिला. तिनंही हलवून पाहिला. दोघींचे चेहरे एकमेकींकडे वळले.

स्पर्धेच्या संचालक मथुराताई साळवी टेबलामागं कॅलिपरचा पाय लांब करून बसल्या होत्या. पोलिओनं लहानपणीच गेलेला तो पाय आता साठीत उरलेल्या अंगालाही खाली ओढत होता. उभं राहायचं म्हणजे आधी कॅलिपरची कडी लावायची, मग कुबडी घ्यायची, मग टेबलाचा आधार. एवढ्या खटाटोपापेक्षा काय असेल ते आपोआप मिटू दे, असं त्यांना हल्ली वारंवार वाटे. पण ज्यांच्यासाठी ही सगळी धडपड, त्यांना डोळे नव्हते, आणि त्यांचा चेंडू गप्प होता.

गोलबॉल हा अंध खेळाडूंचा खेळ. दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू. एखादीला थोडंफार दिसत असेल तर तो फरक राहू नये म्हणून सगळ्यांच्याच डोळ्यांवर काळ्या पट्ट्या. जड रबरी चेंडूला भोकं असतात आणि आत घुंगरं. समोरच्या संघानं तो जमिनीवरून सणसणीत सोडायचा आणि इकडच्यांनी आवाजाच्या अंदाजानं आडवं पडून अंगावर झेलायचा. प्रेक्षकांत कुणी खोकलं तरी पंच खेळ थांबवतात. घुंगरं वाजली नाहीत तर खेळ उरतच नाही.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला महाराष्ट्राच्या मुलींना अजून पत्ता नव्हता. त्यांचे प्रशिक्षक महिपत घाग यांनी चेंडू सोडला. मधे गुडघ्यावर बसलेली सानवी जागची हलली नाही. उजवीकडची दिशा म्हणाली, "सर, टाकताय ना?" आणि त्याच क्षणी डावीकडच्या शमिकानं झेप घेतली. चेंडू तिच्या पोटावर आदळून थांबला.

एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. मथुराताईंनीही मनात दाद दिली. असा बचाव त्यांनी कधी पाहिला नव्हता.

मग त्या उठल्या. पिशवीजवळ जाऊन एकेक चेंडू कानाशी धरून हलवू लागल्या. एक मुका. दुसरा मुका. सामन्याचे, सरावाचे, राखीव, पिशवीतले सगळेच्या सगळे चेंडू मुके होते.

२

"ताई, आता काय करायचं ओ?" रत्नागिरीच्या यजमान मंडळाचा सचिव संदेश घामाघूम झाला होता. एप्रिलचा उकाडा होताच, त्यात हे. "असले चेंडू आख्ख्या जिल्ह्यात दुसरे नाहीत. मुंबईहून मागवले तर उद्या उजाडेल. आणि केरळची गाडी आज रात्रीची."

"आज फायनल झाली नाही तर नियम काय सांगतो?"

"दोन्ही संघ संयुक्त विजेते." संदेशनं आवाज खाली आणला. "पण तसं झालं ना, तर पुढच्या वर्षी कोण आपल्याला राष्ट्रीय स्पर्धा देणार? म्हणतील, रत्नागिरीकरांना चेंडू सांभाळता आले नाहीत."

मथुराताईंनी मान हलवली. हे वाक्य त्यांना पाठ होतं, फक्त गावाचं नाव बदलत असे. कुठं व्हीलचेअर दारातून आत जात नव्हत्या, कुठं मूकबधिर मुलांच्या शर्यतीला बंदुकीच्या आवाजानं सुरुवात केली होती, कुठं उद्घाटनाच्या भाषणांत खेळाडूंची जेवणं थंड झाली होती. दर वेळी त्यांनी निस्तरलं होतं. आता निस्तरण्याचाच कंटाळा आला होता. मिरजोळ्याला त्यांचं घर हॉलपासून हाकेच्या अंतरावर होतं. घरी जावं, पाय सोडवून ठेवावा आणि ओटीवर पडावं, इतकीच इच्छा उरली होती.

"एखादा कापून बघू या," त्या म्हणाल्या. "तो फुलीवाला आण. तसाही बादच आहे."

पहिल्या दिवशी तपासणीत एक चेंडू वजनाला किंचित कमी भरला होता. पंचांनी त्यावर पांढऱ्या रंगाची ठळक फुली मारली होती. तो परत पाठवायचा राहिला आणि पिशवीतच पडून होता. महिपत सरांनी चाकूनं तो चिरला. आत काळपट पांढरा, चिवट थर बसला होता आणि घुंगरं त्यात रुतली होती, चिखलात खडे रुतावेत तशी.

संदेशनं बोटानं तो थर ओढून पाहिला. धागे निघाले. "ताई, हा फणसाचा चीक!"

"काल संध्याकाळी सेमीफायनल संपली तेव्हा चेंडू वाजत होते," मथुराताई म्हणाल्या. "त्यानंतर?"

"पिशवी मागच्या सामानाच्या खोलीत ठेवली. मग मांडवात सांस्कृतिक कार्यक्रम झाला. तेवढा वेळ खोली उघडी होती. चेंडू कोण नेणारे, म्हटलं. कार्यक्रम संपल्यावर कुलूप लावलं, किल्ली माझ्याच खिशात. कार्यक्रमभर मी माइकवर होतो."

"म्हणजे झालं ते कार्यक्रमाच्या वेळात."

महिपत सर चाकू पुसत म्हणाले, "कार्यक्रमाला कोण नव्हतं ते मी सांगतो. केरळच्या प्रशिक्षक, बिंदू टीचर. त्यांची खुर्ची माझ्या शेजारी होती, शेवटपर्यंत रिकामी. आणि काल भटारखान्यात कच्चा फणस कुणी मागवला, तेही विचारा."

३

भटारखान्याच्या मागच्या अंगणात गोदूबाई नारळ खवत होत्या. या अंगणातून सामानाच्या खोलीचं मागचं दार अगदी समोर दिसे.

"व्हय, त्या केरळच्या बायनीच सांगितलं, फणसाची भाजी करा म्हणून," गोदूबाई म्हणाल्या. "पोरी आठवडाभर वरणभात खाऊन कटाळल्यात म्हनं. मग फणसाच्या बारा-पंधरा कोवळ्या कुयऱ्या आणल्या. आन् बाय काय नुसती सांगून बसली नाय. पदर खोचून आली. भाजी तिनंच केली, मी आपली वाटण देत व्हते. चुलीजवळनं हलली नाय ती."

"चीक कुठं टाकलात?"

"टाकनार कुठं? देठाचा चीक करवंट्यांत धरला व्हता, सगळीकडं लागू नये म्हणून. दोन करवंट्या ह्या पायरीवर ठेवल्या. सकाळी बगते तर नायत. म्हटलं, कुत्र्यानं पाडल्या असतील."

"इथं कोण कोण येऊन गेलं?"

"कोण नाय आलं ते विचारा. कुणी पाण्याला, कुणी चहाला. आमाला काय म्हाईत व्हतं ध्यान ठेवायला हवं!"

बिंदू टीचर स्वतःच अंगणात आल्या. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. उंच, सावळ्या, बोलण्यात हिंदी आणि मल्याळी यांची सरमिसळ, पण राग कळायला भाषा लागत नव्हती. आपल्या मुली या वर्षी एकही सामना हरलेल्या नाहीत, त्यांनी अर्धं पदक कशाला मागावं, असं त्या म्हणाल्या. आणि मग मथुराताईंच्या हातातला चिरलेला चेंडू घेऊन त्यांनी नाकाशी नेला.

"खोबरेल," त्या म्हणाल्या. "बाहेरनं पुसलाय. चीक हाताला, चेंडूला चिकटू नये म्हणून आधी तेल. आमच्याकडे हे लहान मुलालाही ठाऊक असतं. तुमच्याकडेही असणार."

"असतं," मथुराताई म्हणाल्या.

"मग? आमच्या सहाही मुली तेव्हा स्टेजवर नाचत होत्या. मी चुलीपाशी होते. उरलं कोण?"

त्यांनी चेंडू परत दिला. संध्याकाळपर्यंत खरं काय ते कळलं नाही तर केरळ अर्धं पदक घेणार नाही आणि पुन्हा या स्पर्धेला येणारही नाही, एवढं बजावून त्या गेल्या. हॉलमधून महाराष्ट्राच्या पालकांचा आणि केरळच्या मदतनिसांचा वाद ऐकू येऊ लागला होता.

मथुराताई पायरीवर टेकल्या. चिरलेल्या चेंडूची दोन शकलं त्यांनी मांडीवर घेतली. किती निगुतीनं केलं होतं काम! खराट्याची काडी घालून चीक आत सरकवला होता, तिचे ओरखडे दिसत होते. प्रत्येक चेंडूमागं बराच वेळ गेला असणार, तोही कुणी येईल या धास्तीत.

आणि तरी हाही भरला होता?

त्यांनी शकल उलटं केलं. पांढरी फुली तळहाताएवढी होती, दहा हातांवरून दिसेल अशी. हा चेंडू सामन्यात येणारच नव्हता. घाईत असलेल्या माणसानं यावर वेळ का घालवावा?

मग त्यांनी डोळे मिटून फुलीवरून बोट फिरवलं. हाताला काहीच लागलं नाही. ज्यानं हे केलं, त्याला फुली दिसलीच नव्हती.

४

म्हणजे संदेश नाही, महिपत सर नाहीत, बिंदू टीचर नाहीत, पालकांतलंही कुणी नाही. डोळस माणूस हे करता तर फुलीवाला चेंडू बाजूला ठेवता. हे काम खेळाडूचं. केरळच्या मुली स्टेजवर होत्या. बाकीचे संघ हरून काल कार्यक्रमाआधीच गेले होते. राहिल्या महाराष्ट्राच्या मुली. त्या सराव शिबिरासाठी आधीपासून इथं राहत होत्या आणि मागचं दार, अंगण, पायऱ्या हातापायांनी ओळखत होत्या.

आपल्याच मुली. मथुराताईंना वाटलं, इथंच थांबावं. संयुक्त विजेते जाहीर करावेत, पुष्पगुच्छ द्यावेत आणि सगळ्यांना घरी पाठवावं. पण सकाळचा तो बचाव डोळ्यांसमोरून हलेना. मुका चेंडू. दिशाला तो टाकल्याचंही कळलं नाही. सानवीला कळलं नाही. मग शमिकाला कसा कळला?

शमिका हॉलच्या लाकडी जमिनीवर भिंतीला टेकून एकटीच बसली होती. अलोऱ्याची मुलगी, धरणाच्या वसाहतीत वाढलेली, देशातला सर्वांत तल्लख कान म्हणून नावाजलेली. मथुराताई अजून लांबच होत्या तोच तिनं मान वळवली.

"ताई ना? तुमची कुबडी कळते मला."

"कशी गो कळते?" मथुराताईंनी उजवीकडून येता येता मोठ्यानं विचारलं.

"ठक ठक. हातात कळते." तिचे दोन्ही तळवे जमिनीवर पालथे होते.

मथुराताई तिच्या डाव्या हाताला जाऊन खुर्चीवर बसल्या. मग त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "शमिका, तुझी आई आलीय बाहेर."

शमिका समोर तोंड करून बसून राहिली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मथुराताई वाकल्या, तिच्या उजव्या कानाजवळ गेल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "कधीपासून ऐकू येत नाही तुला?"

ती दचकली. तळवे जमिनीवरून उचलून तिनं मांडीवर घेतले.

"गेल्या वर्षीपासून," ती म्हणाली. "अश्वतीचा थ्रो डोक्यावर बसला होता ना, त्यानंतर डावा कान गेला. उजवाही कमी होतोय. डॉक्टर म्हणाले, पुन्हा मार बसला तर हाही जाईल. मग मी जमिनीवरनं ओळखायला शिकले. इथं लाकूड आहे, चेंडू येताना खालून धडधडतो. आणि सानवी मधून बोटं वाजवते, डावीकडे की उजवीकडे. ताई, कुणाला सांगू नका. सोनं मिळालं की खेळाडूंच्या कोट्यातनं नोकरी लागेल. मग मी सोडणार आहे खेळ. सानवीला तसा शब्द दिलाय."

"म्हणून तू चेंडू मुके केलेस? सामना होऊ नये, सोनं तेवढं मिळावं?"

शमिकानं चेहरा वर केला. त्या चेहऱ्यावर राग होता, आणि त्याखाली हसू की रडू ते मथुराताईंना कळेना.

"मी? ताई, मला आज खेळायचं होतं. माझा शेवटचा सामना होता तो. आणि चेंडू मुका झाला की वाजतोय, हे मला कसं कळणार होतं?"

५

मैदानाच्या कडेला महिपत सर एका चेंडूतला चीक काढण्याच्या खटपटीला लागले होते. भोकातून गरम तेल सोडायचं, हलवायचं, ओतून टाकायचं. मथुराताई जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"निघतोय?"

"निघेल. एक तरी चेंडू वाजता करतोच मी." ते मान वर न करता म्हणाले. "पण दोनदा भरलाय हो हा. आधी एक थर, तो सुकत आल्यावर वर दुसरा. तिकडचे दोन तर एकाच थरात गप्प झालेत. ह्याच्यात नंतर पुन्हा ओतलाय."

मथुराताई खिळून उभ्या राहिल्या. शमिकाचं वाक्य त्यांच्या डोक्यात घुमत होतं. भरायचा, हलवायचा, ऐकायचं. किंचितही किणकिण उरली असेल तर पुन्हा भरायचा. हे काम डोळ्यांनी केलं नव्हतं, पण कानांनी नक्की केलं होतं, आणि ते कान शमिकाचे नव्हते.

"महिपत सर," त्या म्हणाल्या, "शमिकाला ऐकू येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

महिपत सरांच्या हातातला चेंडू थांबला. "माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही तिला. शंका आली होती. पण ती चेंडू अडवत होती ना ताई. म्हटलं, कशाला विचारा."

त्यांच्यावर चिडायचं मथुराताईंच्या मनात आलं, पण चिडायला लागते तेवढी ताकदही शिल्लक नव्हती. आणि तसं पाहिलं तर, त्या स्वतः तरी सकाळी टाळ्याच वाजवत होत्या की मनातल्या मनात.

सानवी हॉलमागच्या चिऱ्याच्या गडग्यावर, कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर बसली होती. अंजनवेलची, बाप बोटीवर कामाला, अंगानं रोड आणि बोलण्यात तुटक. कुबडीचा आवाज ऐकून ती सरकली आणि मथुराताईंना जागा करून दिली.

"सानवी, मी सांगते ते ऐक. चुकलं तर चुकलं म्हण," मथुराताई म्हणाल्या. "चेंडू ज्यानं भरले त्याला फुली दिसली नाही. म्हणजे तो खेळाडू. चिकाआधी तेल लावायचं हे त्याला ठाऊक होतं. म्हणजे इकडचा, नाहीतर केरळचा, आणि केरळच्या सगळ्या स्टेजवर होत्या. त्यानं प्रत्येक चेंडू हलवून, ऐकून खात्री केली. म्हणजे शमिका नव्हे. दिशानं आज सकाळी विचारलं, सर, टाकताय ना? चेंडू वाजणार नाही हे तिला माहीत असतं तर असं विचारलं नसतं. तू मात्र विचारलं नाहीस, हललीही नाहीस. कशासाठी हलणार? ऐकण्यासारखं काही येणार नव्हतं, हे तुला ठाऊक होतं."

वरच्या काजूच्या झाडावर कावळे कलकलत होते. सानवीनं चिऱ्यावरची माती नखानं खरवडली.

"राखीव मुलींपैकी कुणी असेल," ती हळूच म्हणाली.

"असेल. पण सामना न झाल्यानं त्यांचं काय भलं होणार होतं? मी विचार करत होते, कुणाला जिंकायचं होतं? चूक माझी तिथंच होत होती. हे जिंकण्यासाठी केलेलंच नाही. सामना झाला तर कुणाचं वाईट होईल, हा प्रश्न होता. आणि त्याचं उत्तर शमिकाशिवाय एकाच माणसाला माहीत होतं."

सानवीचं नख चिऱ्यावर थांबलं.

"काल सेमीफायनलला चेंडू तिच्या कानाजवळनं गेला," ती म्हणाली. "वाऱ्याचा आवाज आला मला. तिला नाही आला. ताई, अश्वती किती जोरात टाकते तुम्हाला माहितीय. मी बोटं वाजवून वाजवून किती वाजवणार? तिला हजारदा सांगितलं, बस कर. ती म्हणते, सोनं मिळू दे. मग म्हटलं, सोनं मिळू दे, पण चेंडू नको. दिसत नाही ते चालतं ताई, आपली सवय आहे. पण दिसत नाही आणि ऐकूही येत नाही, म्हणजे मग ती असणार कुठं? मी हाक मारली तर?"

मथुराताईंनी कुबडी बाजूला टेकवली.

"मला सांगितलं असतंस तर?"

"तुम्ही तिला काढलं असतंत."

"हो," मथुराताई म्हणाल्या. "काढलं असतं."

"तिला नका सांगू," सानवी म्हणाली. मग गडग्यावरून खाली उतरत, "नाही. तुम्ही नका सांगू. मी सांगते."

६

हॉलमधला वाद आता निवळला होता. महिपत सरांच्या हातातला चेंडू अखेर वाजला होता आणि सगळ्यांचे कान तिकडे लागले होते. केरळच्या मुली एका बाजूला, महाराष्ट्राच्या दुसऱ्या बाजूला, मधे पालक आणि मदतनीस. सानवी भिंतीच्या आधारानं शमिकापर्यंत गेली आणि तिच्या शेजारी बसली. तिच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजली.

"काय?" शमिका म्हणाली.

सानवी पुन्हा कुजबुजली.

"सानवी, काय ते नीट बोल ना. ऐकू येत नाही."

खुर्चीवर टेकलेल्या मथुराताई उठू लागल्या. मुलींना बाहेर नेऊ या, असं त्यांना म्हणायचं होतं, पण कॅलिपरची कडी लागेपर्यंत उशीर झाला.

"चेंडू मी मुके केले!" सानवी ओरडली. "मी! तुझा कान जाईल म्हणून! तुला ऐकू येत नाही शमिका, आता माझंसुद्धा येत नाही!"

सबंध हॉल गप्प झाला. सामन्यातसुद्धा इतकी शांतता कधी झाली नव्हती. एका वाक्यात दोघींची गुपितं सगळ्यांपुढं उघडी पडली होती आणि आता ती परत घेता येणार नव्हती.

शमिकानं हात पुढं केला. सानवीचा खांदा चाचपला आणि तिला जोरात ढकललं. "माझी फायनल होती ती," ती म्हणाली. "तुझी नव्हती." आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

पलीकडून अश्वती काठी टेकत मैदान ओलांडून आली. बिंदू टीचर तिच्या कानात मल्याळीत सगळं समजावत होत्या. तिनं हिंदीत एवढंच विचारलं, कान माझ्याच चेंडूनं गेला का? शमिकानं काही उत्तर दिलं नाही. तिला ऐकू आलं नव्हतं, की आलं होतं, ते कुणालाच कळलं नाही.

"खेळ आहे तो," मथुराताई अश्वतीला म्हणाल्या. "तू चेंडू टाकला होतास, बाई. दुसरं काही केलं नव्हतंस."

फायनल झाली. उन्हं कलताना, एकाच वाजत्या चेंडूवर. सानवी आणि शमिकाच्या जागी राखीव मुली उतरल्या. महाराष्ट्र सपाटून हरला. केरळनं पूर्ण पदक घेतलं आणि बिंदू टीचरनी निघताना मथुराताईंचा हात हातात घेतला, पण पुढच्या वर्षी येऊ असं काही त्या म्हणाल्या नाहीत. संदेशनं मांडव उतरवायला घेतला.

महासंघाला मथुराताईंनी जे घडलं ते तसंच कळवलं. रदबदली केली, पण लपवलं नाही. सानवीवर दोन वर्षांची बंदी आली. ती तिनं मुकाट्यानं घेतली. शमिकाची नोकरी गेली ती गेलीच, रुप्यावर कुणी नोकरी देत नाही. आपण कुणाचं भलं केलं, या प्रश्नाशी मथुराताई पुढं बरेच दिवस अडून बसल्या. राजीनामा लिहावा असं रोज वाटे. लिहिण्याचाही कंटाळा येई.

मे महिन्यात त्या शमिकाला घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेल्या. बाकावर गर्दी होती. उकाड्यानं सगळे पेंगुळले होते. वाट पाहता पाहता जिन्यात काठीचा आवाज आला आणि दारात सानवी उभी राहिली. एकटीच. अंजनवेलहून फेरी बोट, दोन एसट्या बदलून आली होती. कुणीतरी तिला हाताला धरून बाकाच्या टोकाशी बसवलं. आजची तारीख तिला दिशाकडून कळली होती. फायनलच्या दिवसापासून तिच्यात आणि शमिकात एक शब्द झाला नव्हता.

मथुराताई शमिकाच्या उजव्या कानाशी वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "सानवी आलीय."

बाकावरची माणसं वळून बघू लागली. शमिका पर्सची चेन उघडत-मिटत राहिली.

"कुठं बसलीय?" अखेर तिनं विचारलं.

"तुझ्या डाव्या बाजूला."

"मग तिला सांगा, उठून इकडं उजवीकडं बस म्हणावं. डाव्या कानानं मला काही ऐकू येत नाही."